दारातलं वाक्य

मंगळवारच्या तासाला तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली आणि म्हणाली की मॅडम, ही बाई अख्ख्या कादंबरीत एकदाही बसत नाही. वर्गात हशा पिकला. मुलगी मात्र गंभीर होती. तिनं पुस्तकात पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या आणि वहीत आकडे मांडले होते. एकोणीस वेळा उभी, सात वेळा वाकलेली, दोनदा आडवी, एकदा तापात आणि एकदा शेवटी. मागून कुणीतरी म्हणालं, घरात खुर्च्या कमी असतील. शिकवणारी तीही हसली. पात्रचित्रणाचा हा तास ती अठरा वर्षं घेत होती. पहिल्या दिवशी सपाट पात्र आणि भरीव पात्र, दुसऱ्या दिवशी कादंबरीतली ती बिननावाची बायको, तिसऱ्या दिवशी ते वाक्य. कादंबरी तिच्या वडिलांची होती, हे मुलांना वरच्या वर्गाकडून आधीच कळलेलं असे आणि लेक बापाला कशी सोलून काढते ते बघायला शेजारच्या वर्गातलीही मुलं येऊन बसत. पुरुषाच्या नजरेला बायको म्हणजे घरातलं सामान कसं वाटतं, ते ती पानापानावर बोट ठेवून दाखवत असे. पण बसण्याचं तिच्या लक्षात आलेलं नव्हतं. मुलगी अजून उभीच होती. तिनं विचारलं, "पण मॅडम, लेखकानं तिला बसवलं असतं, तर ती भरीव झाली असती का?" उत्तरादाखल मॅडम काहीतरी बोलल्या. इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंड आपलं काम करत राहतं. मनात मात्र ती सात आठवड्यांपूर्वी गेलेल्या आईला कुठेतरी बसवायचा प्रयत्न करत होती आणि आई बसत नव्हती.

दुपारी ती आईच्या घरी निघाली तेव्हाही तेच चालू होतं. जेवणाच्या टेबलाशी आई वाढताना दिसली. खिडकीशी पडदा सारताना दिसली. दवाखान्यात, शेवटच्या दिवसांत, आई आडवी होती आणि नर्स उशा लावून बसवू लागली की पापण्या मिटून मान हलवायची. नको, बरी आहे. हे तिचं पालुपद होतं, पाहुण्यांकडे, बँकेत, लग्नघरात. बसा ना, म्हटलं की नको, बरी आहे. घरातल्यांना त्याचं काही वाटत नसे. कुणी डावखुरं असतं, कुणाला दूध चालत नाही, तशी आपली आई बसत नाही. इतकं साधं होतं ते, की त्याला कुणी कधी वाक्यातही घातलं नव्हतं, आणि आज एका परक्या पोरीनं ते भलत्याच बाईबद्दल बोलून दाखवलं होतं.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. महिनाअखेरीला ते मालकाला परत द्यायचं होतं म्हणून ती रोज कॉलेजनंतर येऊन एकेक कपाट रिकामं करत होती. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती तरी बाहेरच्या खोलीत त्यांची लिहायची खुर्ची खिडकीकडे तोंड करून जशीच्या तशी होती. तिची बैठक बाबांच्या वजनानं खोलगट झालेली. आज प्रथमच तिनं त्या खुर्चीकडे मागून पाहिलं. पाठीच्या वरच्या दांडीवर, उजव्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत पॉलिश उडून लाकूड पांढुरकं पडलं होतं. बाबा लिहीत असताना आई तिथे येऊन उभी राहायची, दांडीवर हात ठेवून, काही न बोलता. लहानपणी लेकीला वाटायचं, हे प्रेम असेल. पुढे वाचायला लागली तेव्हा वाटलं, ही गुलामी असेल. तिनं त्या डागावर हात ठेवला. बोटं कुठे ठेवायची हे शोधावं लागलं नाही. लाकूड किंचित कोमट होतं. ऊन तर खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात होतं. तिनं हात काढून घेतला आणि मग स्वतःवरच चिडून आतल्या खोलीत जाऊन कॉटखालची पत्र्याची पेटी ओढली.

बाबांची लिहिण्याची एक रीत होती आणि मुलाखती घ्यायला येणाऱ्यांना ते ती मोठ्या कौतुकानं सांगायचे. कचेरीतून बाद झालेले पाठकोरे कागद आणायचे आणि त्यावर पेन्सिलीनं, एकटाकी, सकाळी लिहायचं. दुपारी आई त्याची शाईनं स्वच्छ प्रत करणार, ती प्रत छापखान्यात जाणार, मुद्रितं आली की तीही आईच वाचणार. बाबांनी आपलं लिहिलेलं पुन्हा कधी वाचलं नाही. छापील पुस्तक ते हातात घेऊन नुसतं तोलायचे. अंडं घातल्यावर कोंबडी मागे वळून बघते का, असं म्हणायचे आणि लोक हसायचे. पेन्सिलीचे कागद रद्दीत घालायचं काम आईचं. पेटी उघडल्यावर तिला दिसलं की आईनं एका कादंबरीचे कागद रद्दीत घातले नव्हते. वरच्या पानावर एक सुरकुतलेली लाल रिबीन होती, तिच्याच शाळेच्या वेणीतली. ती आठ वर्षांची असतानाची ती कादंबरी होती. अठरा वर्षं ती शिकवत होती तीच.

तिनं छापील पुस्तक पर्समधून काढून मांडीवर ठेवलं आणि शेजारी कच्चे कागद. पहिल्याच प्रकरणात, पुस्तकात जिथे बायको पाणी ठेवून निघून जाते, तिथे कागदावर ती ओट्याच्या कडेवर चढून बसली होती. पाय हलवत होती. डाव्या पायातली चप्पल अंगठ्यावर झुलवत होती आणि कसलं तरी गाणं अर्ध्यावर तोडून पुन्हा पहिल्यापासून म्हणत होती. वाचता वाचता लेक ओरडलीच असती. आईच होती ती. लिहायला बसली की जीभ दातांत धरणारी. पत्र वाचताना भुवई चोळणारी. भात लागला की तळाचा करपलेला पापुद्रा कुणाला न देता स्वतः खाणारी. कुणाची नक्कल करायला लागली की शेवटी स्वतःच हसून खाली बसणारी. पानंच्या पानं. पुस्तकात जिथे जिथे पोकळी होती, जिथे तिनं समासात 'मौन' असं लिहून मुलांना दाखवलं होतं, तिथे तिथे कागदावर एक तरणी बाई बसत होती, उठत होती, खोटं बोलत होती, रुसत होती. संध्याकाळ झाली तरी ती उठली नाही. सात आठवडे जे रडणं आत कुठेतरी अडून बसलं होतं ते आता आलं, आणि ते सुखाचं होतं. बुधवारी सकाळी तिनं प्रकाशकांना फोन केला. ते बाबांचे दोस्त, तिला लहानपणापासून पाहिलेले, कादंबरीची नवी आवृत्ती काढत होते आणि तिच्याकडे महिनाभर प्रस्तावनेचा तगादा लावून बसले होते. ती म्हणाली, काका, मूळ सापडलंय. ते म्हणाले, "अगं, मग आपण आहे तेच कशाला छापायचं? सगळं परत घालू. तूच म्हणायचीस ना, बाईला आवाज नाही म्हणून? घे आता आवाज." शनिवारी साडेचारला ते स्वतः कागद न्यायला येणार असं ठरलं.

बुधवारी दुपारी ती पुढचे कागद घेऊन बसली. घरात शिरल्याबरोबर तिनं बाहेरचं दार उघडं टाकलं होतं, हवा यावी म्हणून. वाचताना दोनदा तिला वाटलं की कुणीतरी मागे येऊन उभं आहे, आणि दोन्ही वेळा मागे वळून बघताना तिनं मुद्दाम वेळ लावला, म्हणजे असलंच कुणी तर जायला सवड मिळावी. कुणी नव्हतं. चौथ्या प्रकरणात बायको न्हाणीघरात नळ मोठा सोडून रडत होती. कितीदा हुंदका दिला, कुठल्या हातानं तोंड दाबलं, मग आरशातल्या स्वतःला कशी वेडावून हसली, सगळं होतं. सुरेख लिहिलं होतं. बाबांनी इतकं सुरेख पुन्हा कधी लिहिलं नाही. न राहवून तिनं काकांना फोन करून तसं सांगितलंही. ती दोन पानं पुढे गेली आणि मग हळूहळू मागे आली. न्हाणीघराचं दार तर बंद होतं. तसं लिहिलंही होतं, तिनं कडी घातली. मग आरसा कुणी पाहिला? तिनं त्या दाराकडे बघितलं. तेच घर, तेच दार. वरच्या बाजूला हवेसाठी झडप होती आणि झडपेखाली भिंतीला पूर्वी एक स्टूल असायचं. सहाव्या प्रकरणात बायको एक दिवस कुणाला न सांगता घराबाहेर पडते, तळ्याकाठच्या बाकावर दुपारभर बसते, शेंगांची पुडी संपवते, परत येऊन म्हणते की कुठे नाही, इथेच होते. नवरा काही विचारत नाही. कागदावर शेंगांच्या टरफलांचा ढीग होता, बाकाच्या दोन फळ्या निसटलेल्या होत्या, तिच्या पोटरीवर उमटलेले लाकडाचे वळ होते. इतकं बघायला माणसाला दुपारभर झाडामागे उभं राहावं लागतं.

कालचं सुख तिच्या अंगावरून ओल्या कपड्यासारखं निथळायला लागलं. कारण मग तिला ते दोनचे ठोके आठवले. जेवणं आटोपली, बाबा कचेरीत गेले, ती शाळेतून येऊन बाहेरच्या खोलीत पुस्तक वाचत पालथी पडली की दोन वाजता आई पेन उघडायची. समोर कालचे, परवाचे, आजचे कागद. रोज दुपारी आपल्या नवऱ्याच्या सुवाच्य पेन्सिलीत ती स्वतःला भेटत होती. काल कडी घालून केलेलं आज ओळीत मांडलेलं होतं. तिनं काय केलं असेल पहिल्या दिवशी? ओरडली नाही, एवढं नक्की, कारण बाहेरच्या खोलीत मुलगी वाचत होती आणि मुलीला काही ऐकू आलं नव्हतं. कागदांवर आईनं काय केलं ते दिसत होतं. जी ओळ उतरवली तिच्या शेजारी शाईची बारीकशी उभी रेघ, म्हणजे नजर चुकू नये. पाणी ठेवून गेली, याला रेघ होती. ओटा, चप्पल, गाणं यांना नव्हती. नळ, आरसा, तळं यांना नव्हती. खाडाखोड नाही, राग नाही. आईनं फक्त त्या ओळी उतरवल्या नव्हत्या. एकेक करून ती कादंबरीतून चालती झाली होती, मागे वाढणारा, सारणारा, आवरणारा हात तेवढा ठेवून. आणि बाबांनी आयुष्यात वळून पाहिलं नाही. अंडं घातलं होतं.

गुरुवारी तिनं अल्बम काढला. तिला वाटलं होतं तसंच झालं तर काय, या भीतीनं ती बराच वेळ तो न उघडता घेऊन बसली. पहिल्या पानांवर आई बसलेली होती. पायऱ्यांवर, बागेतल्या कट्ट्यावर, कुणाच्या तरी सतरंजीवर मांडी घालून, एका फोटोत चक्क ओट्यावर, पाय हलल्यामुळे धूसर. मग तिच्या आठव्या वाढदिवसाचा फोटो, त्यात आई कडेला उभी. तिथून पुढे सगळीकडे उभी. तिनं वही घेतली आणि त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीसारखी यादी केली. रेघ नसलेल्या ओळींतली एकेक गोष्ट, आणि समोर, ती आपण आठव्या वर्षानंतर आईला कधी करताना पाहिलं का. गाणं, नाही. भुवई चोळणं, नाही. नक्कल, नाही. करपलेला भात आई उकरून टाकून द्यायची. लिहिताना जीभ दातांत नाही, ओठ घट्ट मिटलेले, आणि लिहायची तीही उभ्यानं, ओट्याशी, पेन बोटांत ताठ. जे जे कागदावर सापडलं होतं ते आईनं नुसतं पुस्तकातून गाळलं नव्हतं, अंगातूनही काढून टाकलं होतं. एखाद्या घराची किल्ली चोराला सापडली की माणूस कुलूप बदलतं, तशी आई बदलली होती, आणि आठ वर्षांची ती, पालथी पडून वाचणारी, दुसऱ्या दिवसापासून त्या दुसऱ्या बाईला आई म्हणत राहिली होती. सात आठवडे ती जिच्यासाठी झुरत होती ती कोण? आणि कागदावरची ती तरणी, पाय हलवणारी, तिचं तर कुणी सुतकही पाळलं नव्हतं. तिनं मान वर केली. खुर्चीच्या मागची जागा रिकामी होती. या घरात तेवढी एकच जागा अशी होती, जिथे आई बाबांना दिसत नसे.

शुक्रवारी तिनं उरलेलं वाचलं. तिसऱ्या दिवशी ती वर्गात घ्यायची ते वाक्य सातव्या प्रकरणात आहे. घरी माणसं जमलीत, नवऱ्याचे मित्र बायकोबद्दल बोलताहेत, तशी बरी आहे बिचारी, डोक्याला ताप नाही, वगैरे, आणि मग येतं: ती दारात उभी होती, आणि दार रिकामं आहे असं समजून सगळे बोलत राहिले. या एका वाक्यावर तिचं नाव झालं होतं. चौदा वर्षांपूर्वी, बाबा असतानाच, एका सभागृहात तिनं तासभर त्या वाक्याची चिरफाड केली होती. लेखक बाईला दारात आणतो आणि त्याच वाक्यात पुसतो, स्त्रीला दृश्यातून हद्दपार करण्याचा याहून थंड नमुना आपल्या साहित्यात नाही, असं ती म्हणाली होती आणि टाळ्या थांबत नव्हत्या. आई मागे, दाराशी उभी होती. कुणीतरी खुर्ची दिली तर नको, बरी आहे म्हणाली. परतताना टॅक्सीत, आई टॅक्सीतही पुढे सरकून टेकल्यासारखी असायची, तिनं विचारलं, कसं झालं? आई म्हणाली, "छान बोललीस. एवढं सगळं माझ्या डोक्यात नसतं आलं." मग थोड्या वेळानं, बाहेर बघत, "त्या दाराच्या वाक्यावर मात्र चिडलीस फार. ते वाक्य तसं वाईट नाही." तिनं आईचा हात हातात घेऊन समजावलं होतं. आई, तुला कळत नाही, त्या वाक्यात त्यांनी तुला मारलंय. "मला?" आई म्हणाली होती. बस, एवढंच. आणि हात सोडवून घेऊन काच खाली केली होती.

कच्च्या कागदावर ते वाक्य नव्हतं. मित्र बोलत होते आणि बायको आतल्या खोलीत, पलंगावर बसून, पदराच्या टोकाला गाठी मारत ऐकत होती, किती गाठी तेही होतं. रेघ नव्हती. समासात, कागद आडवा करून, निळ्या शाईत, आईच्या अक्षरात ते पाच वेळा लिहिलेलं होतं. ती दारात उभी होती, पण कुणाचं लक्ष गेलं नाही. खोडलं. ती दारातच होती, पण कुणाला तिची पर्वा नव्हती. खोडलं, दोनदा. मग 'पण' काढला. मग 'कुणाला' काढलं. आईनं त्यातली तक्रार पुसली होती, रडका सूर पुसला होता, आणि शेवटी जे उरलं त्यात, आता तिला दिसलं, दारात एक बाई उभी होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. बाकीच्यांना मात्र ती दिसत नव्हती. संपूर्ण पुस्तकात पाळत ठेवणारी नजर पहिल्यांदा उलटी फिरली होती. चारशे पानांत आईनं स्वतःचं असं एकच वाक्य लिहिलं, आणि लेकीनं तेच वेचून काढून अठरा वर्षं वर्गासमोर त्याच्या चिंध्या केल्या. तिला वाटलं आपण आता कोसळणार. पण ती टेबलाशी उभी होती. केव्हापासून, ते तिला सांगता आलं नसतं. खुर्ची मागे, जागच्या जागी होती.

शनिवारी प्रकाशक साडेचारच्या आधीच आले. ती आतल्या आणि बाहेरच्या खोलीमधल्या दारात होती, हातात कागदांचा गठ्ठा, रिबिनीनं पुन्हा बांधलेला, आणि अजून ठरवू शकत नव्हती. दिला, तर आई परत येईल, हसरी, पाय हलवणारी, हजारो वाचकांच्या घरात, कायमची. लेकीला आई परत हवी होती, एवढं साधं होतं ते. नाही दिला, तर महिनाअखेरीला घराबरोबर तीही जाईल आणि उरेल ती नको-बरी-आहे म्हणणारी. तेवढ्यात प्रकाशक उघड्या दारातून आत आले, बाहेरच्या झगझगीत उन्हातून, फोन कानाला लावून. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्यांनी सरळ तिच्याकडे पाहिलं. ती बोलायला गेली आणि बोलली नाही. त्यांची नजर तिच्यावरून, भिंतीवरून जावी तशी पुढे गेली आणि ते वळून बाबांच्या खुर्चीत बसले. फोनवर सांगत होते की हो, आलोय, लेक कुठे आत असेल, आज मिळतं सगळं. "अरे, न्हाणीघराचा एक प्रसंग आहे म्हणे, तोच आधी छापू मासिकात, लोक तुटून पडतील. लेकीचं काय, ती हळवी झालीय सध्या, देईल. नाहीतरी बाईच्या बाजूचीच आहे ना ती." मग हसले. तिच्या अंगावर काटा आला. पण त्या काट्याखाली, अगदी आत, दुसरंच काहीतरी हललं, आणि ते दुःख नव्हतं. ती इथे होती, दोन हातांवर. तिला त्यांच्या शर्टाची उसवलेली कॉलर दिसत होती, मानेवरचा चामखीळ दिसत होता, आणि त्यांना ती दिसत नव्हती. किती ऐसपैस होतं इथे. आईनं या जागेत तीस वर्षं काढली होती, आणि लेक या जागेला तुरुंग म्हणत आली होती.

तिनं आवाज न करता मागे होऊन गठ्ठा पेटीत ठेवला आणि पेटी पायानं कॉटखाली सारली. मग आदल्या रात्री लिहिलेले प्रस्तावनेचे चार कागद घेऊन बाहेर आली. प्रकाशक दचकून उठले. अरेच्चा, होतीस होय, मला वाटलं घरात कुणी नाही. तिनं सांगितलं की कच्चे कागद नाहीत. म्हणजे काय, तू तर फोनवर म्हणालीस. चूक झाली, काका, भलत्याच पुस्तकाचे होते. ते तिच्याकडे बघत राहिले, नीट दिसत नसल्यासारखे, मग नाइलाजानं चार कागद डोळ्यांजवळ धरून चाळायला लागले. शेवटच्या पानावर थांबले. म्हणाले, यात त्या दाराच्या वाक्याचं काहीच नाही. सगळे त्याचीच वाट बघणार. "तुझं एवढं गाजलेलं ते, गाळलंस?"

तिचा उजवा हात बाबांच्या खुर्चीच्या पाठीवर होता. ते म्हणाले, बस तरी, उभी का. ती म्हणाली नको, बरी आहे. आणि मग, खिडकीबाहेर बघत,

"ते वाक्य तसं वाईट नाही."